मांडाखालचा पाइप

आमच्या चौकाच्या मधोमध, पेव्हर ब्लॉकच्या खाली चार बोटांवर, एक पाइप पुरला होता. तो तिथे नसायला हवा होता. हे मला ठाऊक होतं, वायरमनला ठाऊक होतं आणि खणणाऱ्या दोघा मजुरांना. वन्संना ठाऊक नव्हतं. आणि पाइप पुरला होता तो वन्संसाठीच.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तशी भावाकडे आल्या आणि इथेच राहिल्या. चाळीसच्या वर वर्षं आम्ही एका ओट्यावर स्वयंपाक केला. आमचं कधी पटलं नाही. मी कालवणात कोकम टाकलं की त्यांना आंबट लागायचं, त्यांनी टाकलं की मला. भांडण व्हायचं, मग जेवण व्हायचं. माझा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि घरात आम्ही दोघी म्हाताऱ्या उरलो. मालवणी बोलणं मी मुंबईत विसरले. त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्यांची फुफ्फुसं गेली होती. लहानपणापासून गावी चुलीचा धूर, मग इथे स्टोव्ह. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला सांगितलं. छोट्या कपाटाएवढं असतं. खोलीतली हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन नळीने नाकात सोडतं. दिवसरात्र चालू. वीज गेली की बंद.

बोरीवलीला वीज तशी जात नाही. पण आमच्या शेजारी उंच इमारतीचा टॉवर उभा राहत होता आणि त्यांचं खोदकाम चालू होतं. त्यांचा जेसीबी आमच्या रस्त्याची केबल तोडायचा. एकदा तोडली की अर्धा अर्धा दिवस दुरुस्ती. घरात इन्व्हर्टर होता, तो मशीनला तीन तास पुरायचा, फार तर साडेतीन. पुढे सिलिंडर. सिलिंडर मिळेपर्यंत वन्सं गादीवर उठून बसायच्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड करायच्या. मी शेजारी पंखा घेऊन बसायचे. त्याने काही होत नव्हतं.

तेव्हा सोलरचं निघालं. सोलरचं पॅनल दिवसा मशीन चालवेल आणि बॅटरीही भरत राहील, म्हणजे दुपारी वीज गेली तरी संध्याकाळपर्यंत चिंता नाही, असं एकाने सांगितलं. आमच्या छपरावर टॉवरची सावली पडते. ऊन फक्त चौकाच्या पलीकडे, पंपाच्या खोलीवर. सोसायटीने तिथे पॅनल बसवायला परवानगी दिली, कारण वन्संची अवस्था सगळ्यांनी पाहिली होती. अट एकच: वायर वरून टांगायची नाही. गणपतीची मूर्ती त्या चौकातूनच आत येते. वायर जमिनीखालून, पाइपात घालून न्यायची, आणि खोदकाम एका रविवारात उरकून ब्लॉक होते तसे बसवून द्यायचे.

खर्चासाठी वन्संनी पाटल्या काढून दिल्या. त्यांच्याकडे तेवढंच होतं. देताना त्यांनीही एक अट घातली.

आमची पस्तीस बैठी घरं, मधे चौक. बहुतेक लोक कोकणातले, गिरण्या बंद पडताना इथे आलेले. पहिल्या वर्षी चौकात नुसता चिखल होता. माझ्या नवऱ्याने चिखलात जागा धरून, खाली नारळ आणि तांब्याचा पैसा पुरून, पहिली होळी उभी केली. त्या जागेला आम्ही मांड म्हणतो. गावाला जसा मांड असतो तसा. मांड एकदा धरला की हलवत नाहीत. दरवर्षी तिथले चार ब्लॉक उचलायचे, पहारीने हातभर खड्डा घ्यायचा, त्यात होळीचं झाड उभं करायचं आणि भोवती लाकडं रचायची. नवरा होता तोवर गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे सगळ्यांचं मागणं, तो घालायचा. तो गेल्यावर दुसरा कुणी घालायला लागला, पण त्याला शब्द सुचेनात, म्हणून वन्सं आमच्या खिडकीत बसून पुढचं पुढचं सांगायच्या. आमची खिडकी मांडाच्या समोरच आहे.

पाटल्या माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, "वयनी, मांडाखालसून पायप न्हेव नको. न्हेतलंस तर माका ती वीजच नको."

मी म्हटलं, नाही नेणार.

वायरमन कांजूरमार्गहून यायचा. पन्नाशीचा, मूळचा जालन्याकडचा, कमी बोलणारा माणूस. त्याने सुतळी धरून चौक मोजला. पंपाच्या खोलीपासून आमच्या दारापर्यंत सरळ रेघ मांडावरूनच जात होती. मी त्याला वळसा घालायला सांगितलं. भिंतीच्या कडेने जाता येईल, तो म्हणाला, कोपरे तीन पडतील, कोपऱ्यात एक एक डबा बसवू, म्हणजे वायर ओढताना अडणार नाही. वन्सं आतून ऐकत होत्या. त्यांनी त्याला बोलावून चहा दिला. म्हणजे मला द्यायला लावला.

रविवारी सकाळी खोदकाम सुरू झालं. भिंतीच्या कडेने दोन फूट खोल चर. पाइप खोल असला की वरून काही आपटलं तरी धक्का लागत नाही, वर विटांची एक ओळ मांडायची, तिच्यावर पिवळी पट्टी टाकायची, म्हणजे पुढे कुणी खणायला आला तर त्याला पट्टी आधी दिसते. हे सगळं वायरमनने मला दाखवून सांगितलं. मला पटलं. मी चौथीपर्यंत शिकले, पण नीट सांगितलेलं कळतं.

दुपारी बारापर्यंत निम्मं झालं. मग भिंतीकडच्या चरात काँक्रीट लागलं. टॉवरवाल्यांनी त्यांचं गटार आमच्या हद्दीत घुसवून ठेवलं होतं आणि वरून बुजवलं होतं. सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरी आला, त्याने टॉवरवाल्यांना शिव्या घातल्या, फोन लावला, तिकडून कुणी उचलला नाही. काँक्रीट फोडलं तर गटार फुटणार. आणखी आत सरकावं तर पाण्याची टाकी.

वायरमन हात पुसत माझ्याकडे आला. "मावशी, सरळ गेलो तर आज होतंय. नाहीतर हे आज होत नाही."

मी सेक्रेटरीला विचारलं, पुढच्या रविवारी खणायला द्याल का. तो म्हणाला, काकी, एका रविवारची परवानगी काढताना माझ्या नाकी नऊ आले, तुम्हाला काय सांगू. दोन घरांच्या गाड्या बाहेर लावल्यात, ते सकाळपासून माझ्याकडे बघतायत. आता मीटिंग घ्यावी लागेल. मीटिंग कधी, तर बघू.

आमच्याकडचं बघू म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. छपराच्या गळतीचं बघू सात वर्षं चाललं.

मी घरात गेले. वन्सं पलंगावर होत्या, खिडकी उघडी. मी खिडकी लावून घेतली. धूळ येते, म्हटलं. धूळ येतच होती, आणि ती त्यांना वाईटच होती. वन्सं म्हणाल्या, बरां केलंस. मी बाहेर आले आणि वायरमनला म्हटलं, सरळ जा.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "होळी इथंच लावता ना?"

"यंदा सरकवू," मी म्हटलं.

त्याने विश्वास ठेवला. का ठेवू नये.

मांडाची जागा खणली ती भर दुपारी, घरोघरी लोक जेवून झोपले होते; मी तिथेच उभी होते. नारळाची करवंटी नाही, पैसा नाही, काही निघालं नाही. माती निघाली आणि खाली एक मोठा दगड. पहार मारली की ठिणगी उडायची. वायरमन म्हणाला, ब्रेकर मशीन आणतो, अर्ध्या तासात फोडतो. ब्रेकरचा आवाज आमच्या खिडकीतून आत गेला असता आणि कुठून येतो ते वन्संना बसल्या जागी कळलं असतं. मी म्हटलं, नको, दगडावरूनच घे. तो म्हणाला, मग पाइप फार वर येतोय, वर विटाही बसायच्या नाहीत. मी पुन्हा म्हटलं, घे. बाकी सगळीकडे पाइप दोन फूट खाली आहे. मांडावर चार बोटं. तिथे त्याने नुसती पिवळी पट्टी टाकली, माती लोटली, ब्लॉक बसवले. जाताना एवढंच म्हणाला, "इथं वर गाडी जाऊ द्या, माणसं नाचू द्या. पण खणू नका आणि जाळू नका."

संध्याकाळी वन्संनी विचारलं, वळसो बरो झालो? मी म्हटलं, झाला.

पाच-सहा आठवडे पॅनल चाललं. आमच्या हॉलमध्ये इन्व्हर्टरवर एक हिरवा दिवा लागायचा, म्हणजे ऊन येतंय. वन्सं सकाळी उठल्या की आधी तो बघायच्या. एका बुधवारी जेसीबीने पुन्हा केबल तोडली. सगळ्या चौकातले पंखे बंद झाले, लोक दारात येऊन बसले. आमचं मशीन चालूच. शेजारीण बघायला आली. वन्सं नळीला बोट लावून तिला म्हणाल्या, "आता सूर्यच माज्या नाकात घुसलो." आणि हसल्या. हसताना खोकला आला, पण हसल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या कालवणाला नावं ठेवली नाहीत. मला वाटलं, जमलं.

होळी जवळ आली तशी मी सेक्रेटरीला गाठलं. वन्संना धुराचा त्रास होतो, यंदा होळी गेटजवळ घेऊ या, म्हटलं. तो लगेच तयार झाला. त्याला काय, होळी कुठेही पेटली तरी चालत होती. पण ही गोष्ट वन्संच्या कानावर गेली. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"धुराक मी काय भितंय? माजी फुफ्फुसां धुरातच पिकली. मांड हलूचो नाय."

मग त्यांनी फोन घेऊन एकेका घरी लावला. एका वाक्यानंतर थांबून श्वास घ्यायचा, मग दुसरं वाक्य. पस्तीस घरांपैकी वीसएक घरांना त्यांनी असं सांगितलं की माझ्यासाठी मांड हलवायचा नाही. त्यांना वाटलं लोक त्यांच्या दुखण्यापायी जागा सोडतायत, आणि ते त्यांना नको होतं. मी समोर भाजी निवडत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लावलेलं होतं. मी शेंगांचे दोरे काढले आणि भाजी फोडणीला टाकली.

होळीच्या संध्याकाळी पोरं-माणसं जमली. ब्लॉक उचलले. पहार हातात घेऊन उभा राहिला तो आमच्या समोरच्या घरातला, दोन मुलांचा बाप. खाली पिवळी पट्टी मातीत दबलेली, संध्याकाळच्या उजेडात दिसतही नव्हती. पहार पाइपातून जाऊन वायरला लागली असती. मी चौकात गेले आणि पहारीला हात घातला.

खणू नका, म्हटलं, खाली माझी वायर आहे.

त्याने पहार टेकवली. मग एक म्हातारा म्हणाला, मांडाखालून? सेक्रेटरी ब्लॉककडे बघत होता. त्याला त्या रविवारी सगळं दिसलं होतं, पण तो कोकणातला नाही, मांडबिंड त्याला कळत नाही, त्याच्यावर मी काही ढकलत नाही. मी वळून पाहिलं. खिडकी उघडी होती आणि वन्सं तिथे बसल्या होत्या, गाऱ्हाण्याचे शब्द सांगायला. नळी नाकात. ओरडायची ताकद त्यांच्यात नव्हती. चौक शांत होता म्हणून ऐकू आलं.

"आदी सांगला असतंस गो, तर होळी मीच सरकवूक सांगलंय असतंय."

मी पहारीवरचा हात काढला.

"आता मांडार लाकडां लागली," त्या म्हणाल्या. "आता हलूची नाय."

मग पुरुषांनी आपसात ठरवलं. खड्डा घ्यायचा नाही, ब्लॉक परत बसवायचे. रंगाच्या मोठ्या डब्यात वाळू भरून त्यात झाड उभं करायचं, खाली लोखंडी पत्रा टाकायचा आणि त्यावर लाकडं. मांडही राहिला, वायरही राहिली. सगळ्यांना ते बरं वाटलं. कुणीतरी मला म्हणालंही, काकी, झालं ना तुमच्या मनासारखं.

वायरमन म्हणाला होता, खणू नका आणि जाळू नका. त्यातलं पहिलं मी सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. पस्तीस घरांसमोर एकदा तोंड उघडून झालं होतं, खिडकीतून वन्सं बघत होत्या, आणि आता वर होळीच पेटवू नका म्हणायचं मला झालं नाही. मी मनाशी म्हटलं, पत्रा आहे, ब्लॉक आहे, चार बोटं माती आहे. गाऱ्हाणं घालणारा मधेच अडला. त्याने खिडकीकडे पाहिलं. वन्संनी शब्द सांगितले नाहीत. तसंच अर्धवट व्हय म्हाराजा म्हणून पेटवली.

निखारे सकाळपर्यंत होते. सकाळी हिरवा दिवा लागला नाही.

वायरमन आला. त्याने माझ्याकडून काही वदवून घेतलं नाही, पत्र्याची राख बघूनच समजला. दोन ब्लॉक काढले. पाइप आचेने बसून पापडासारखा चपटा झाला होता आणि आतल्या वायरीला चिकटला होता. त्याने पंपाच्या खोलीकडून वायर ओढून पाहिली, मग आमच्या दाराकडून. हलेना. म्हणाला, पाइप धड असता तर जुनी वायर ओढून नवी घातली असती, तासाचं काम. आता मधला भाग उकरून नवा टाकावा लागेल, आणि या वेळी दगड फोडून.

त्यासाठी पुन्हा परवानगी. मीटिंग झाली. मी खोटं बोलून मांड खणला हे सगळ्यांना कळलं होतं, ते कुणी मीटिंगमध्ये बोललं नाही. बोलले ते असं की आपली सोसायटी पुनर्विकासाला जाणार, बिल्डरशी बोलणी चालू आहेत, आता कशाला चौक उकरायचा. पावसाळ्यानंतर बघू. मी म्हटलं, तात्पुरती वायर वरून टांगू द्या. सेक्रेटरी म्हणाला, काकी, एकाला दिली की सगळे मागतील.

घरी वन्सं बदलल्या. भांडतील, पाटल्यांचा विषय काढतील, चार लोकांत बोलतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण त्या माझ्याशी चांगलं वागायला लागल्या. कालवण वाढलं की बरां. औषध दिलं की बरां. खिडकी लावू का, तुका हवी तर लाव. चाळीस वर्षांत त्या मला कधी तुका हवी तर म्हणाल्या नव्हत्या. मी मुद्दाम एकदा कोकम जास्त घातलं. त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं.

मे महिन्यात जेसीबीने केबल तोडली, सकाळी अकराला. आभाळ स्वच्छ होतं. पंपाच्या खोलीवरची पॅनलं इतकी चमकत होती की खिडकीतून बघवत नव्हतं. इन्व्हर्टर दोनच्या पुढे गेला. मग मशीन तीनदा वाजलं आणि थांबलं. घरातला सिलिंडर लावला, तो अर्धाच होता. दुसऱ्यासाठी फोन केला, त्याने कुर्ल्याहून पाठवतो म्हणून सांगितलं. वन्सं हात गुडघ्यांवर टेकवून बसल्या. मी पंखा घेतला. त्यांनी माझा हात धरून पंखा खाली ठेवायला लावला. तू दमतलंस, म्हणाल्या. बोलायला लागणारा श्वास त्यांनी त्यावर घालवला.

सिलिंडर आला, पण त्या दिवसापासून त्या सावरल्या नाहीत. इस्पितळात नेलं. तिथे वीज होती, सगळं होतं. नवव्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतंच, आज ना उद्या. माझ्याकडे बघून म्हणाले, मी विचारलं नव्हतं तरी. त्यांनी सांगितलेलं खरं असेल. मला त्याचा उपयोग नाही.

मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. पॅनलं तशीच आहेत. त्यांच्यावर टॉवरची सिमेंटची धूळ बसते. आमच्या दाराशी भिंतीवर एक राखाडी डबा आहे, त्यातून वायर जमिनीत जाते. पंपाच्या खोलीपाशी तशीच एक वायर जमिनीत जाते. पुनर्विकासाचं अजून बघू चालू आहे.

यंदाच्या होळीला माणसं पुन्हा जमली. ब्लॉक उचलले. समोरच्या घरातल्याने पहार घेतली आणि घेऊन तसाच उभा राहिला. सगळे माझ्या खिडकीकडे बघायला लागले. मी पलंगावर, वन्संच्या जागी बसले होते.

"काकी, खालचं काय करायचं?" सेक्रेटरीने विचारलं.

"खणा," मी म्हटलं. "त्यातून काही जात नाही."

त्यांनी खणलं. दगडापर्यंत गेले आणि दगडही फोडला, एवढी माणसं होती, तासही लागला नाही. पाइपचे तुकडे निघाले, काळे, वाकडे. एकजण ते होळीत टाकायला निघाला तशी मी उठून बाहेर गेले आणि त्याच्याकडून घेतले. प्लास्टिकचा धूर कशाला. गाऱ्हाणं कुणालाच पुरतं येत नव्हतं, तेव्हा एकाने मोबाइलवर दुसऱ्या कुठल्या तरी गावचं लावलं. तोवर मी तुकडे घेऊन गेटजवळच्या डब्यांपाशी उभी होते. दोन डबे असतात, हिरवा आणि निळा. सेक्रेटरी मागून आला आणि म्हणाला, काकी, सुक्यात टाका. मी सुक्यात टाकले.